थुनार म्हणजे काय गं?

माझी आत्या वाईला राहते. वय ७१, शाळेतून निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली. तिच्याकडे चार वह्या भरून जात्यावरच्या ओव्या आहेत. काही तिच्या आईच्या तोंडच्या, काही गावातल्या इतर बायकांकडून उतरवून घेतलेल्या. कागद पिवळे पडले, शाई विटली, तेव्हा या ओव्या संगणकावर चढवायच्या असं तिनं मनावर घेतलं. मी माझा अकरा वर्षं वापरलेला लॅपटॉप तिला दिला. आधीची प्रणाली त्यावर रखडत चालायची, म्हणून तिच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी प्रणाली, तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती, टाकली. मराठी टायपिंग बसवलं, दोन दिवस शेजारी बसून शिकवलं आणि पुण्याला परत आले.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन. "अगं, ते थुनार म्हणजे काय गं? आणि सेल्युलॉइड? ऱ्हिदमबॉक्स? माझ्या ओव्या यातल्या कुठल्या डब्यात आहेत?"

तिचा प्रश्न अगदी रास्त होता. कोपऱ्यातलं बटण दाबलं की नावांची लांबलचक यादी उघडते. त्यातली निम्मी नावं ज्यांनी तो प्रोग्रॅम लिहिला त्यांना आवडली म्हणून ठेवलेली असतात, त्यावरून कामाचा पत्ता लागत नाही. थुनारमधून फायली आणि फोल्डर बघायचे असतात, सेल्युलॉइडमध्ये व्हिडिओ लागतो, हे नुसत्या नावावरून कळायचं कसं? आत्याला रोज लागणाऱ्या गोष्टी सहा आणि समोर यादी साठ नावांची.

पण तिनं 'डबा' हा शब्द वापरला आणि मला समजावून सांगायची वाट सापडली.

स्वयंपाकघरातलं फडताळ डोळ्यांसमोर आणा. एकसारखे डबे ओळीनं मांडलेले आणि प्रत्येकावर एक चिठ्ठी: तूरडाळ, पोहे, शेंगदाणे. संगणकाचा मेन्यू म्हणजे या चिठ्ठ्यांची यादी. डबे म्हणजे प्रत्यक्ष प्रोग्रॅम, ते आत दुसरीकडे कुठेतरी असतात. मेन्यूत आपल्याला डबे दिसत नाहीत, दिसतात त्या चिठ्ठ्या. चिठ्ठी बदलली म्हणून आतली डाळ बदलत नाही, आणि चिठ्ठी फाडली म्हणून डाळ संपतही नाही. एवढं एक लक्षात राहिलं की मेन्यूला हात लावायची भीती जाते. कारण बहुतेकांना वाटतं, मेन्यूतून एखादं नाव काढलं तर प्रोग्रॅमच उडेल. तसं होत नाही. प्रोग्रॅम काढून टाकणं हे वेगळं काम आहे आणि त्याची जागाही वेगळी आहे.

लिनक्समध्ये ही चिठ्ठी म्हणजे एक छोटीशी फाइल असते. साधी मजकुराची, कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून वाचता येणारी. तिच्या नावाच्या शेवटी 'डॉट डेस्कटॉप' असतं. मेन्यूत दिसणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमची अशी एक फाइल.

एक उघडून पाहू. फाइलीतले शब्द रोमन लिपीतच असतात, मी इथे उच्चार लिहिते आहे. वर चौकोनी कंसात 'डेस्कटॉप एंट्री' असं लिहिलेलं असतं, त्यावरून संगणकाला कळतं की ही चिठ्ठी आहे. खाली एकेक ओळ, आणि प्रत्येक ओळीत बरोबरचं चिन्ह: डावीकडे खात्याचं नाव, उजवीकडे त्याची नोंद. 'नेम'पुढे मेन्यूत दिसणारं नाव. 'कॉमेंट'पुढे एका वाक्यात कामाचं वर्णन. 'आयकॉन'पुढे चित्र कोणतं ते. 'एक्झेक' ही सगळ्यांत महत्त्वाची ओळ. नावावर क्लिक केल्यावर प्रत्यक्षात कोणती आज्ञा चालवायची, ते तिथे असतं. 'कॅटेगरीज'पुढे हा प्रोग्रॅम कोणत्या गटात बसवायचा ते, म्हणजे ऑफिस, ग्राफिक्स, नेटवर्क, गेम, एज्युकेशन वगैरे. दोन गट लिहायचे तर मध्ये अर्धविराम. दोन्ही लिहिले तर काही मेन्यूंमध्ये तेच नाव दोन्हीकडे दिसतं, तेव्हा गोंधळून जाऊ नका.

बस. चिठ्ठीत मुख्य काय ते एवढंच. बाकी ओळी कामापुरत्या.

हे इतकं साधं आहे, पण आपोआप झालेलं नाही. केडीई १९९६ मध्ये सुरू झालं, ग्नोम १९९७ मध्ये. लिनक्सवरचे हे दोन मोठे डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची मेन्यू-खिडक्यांची सगळी मांडणी, आणि सुरुवातीला दोघांच्या चुली वेगळ्या होत्या. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला दोन्हीकडे नीट दिसायचं तर दोन्हीकडची पद्धत सांभाळावी लागे. २००० साली हॅवॉक पेनिंग्टन यांनी फ्रीडेस्कटॉप हा प्रकल्प सुरू केला. वेगवेगळ्या डेस्कटॉपवाल्यांनी एकत्र बसून समान नियम ठरवावेत, एवढाच त्याचा हेतू. चिठ्ठीत कोणत्या ओळी असाव्यात, त्या कुठल्या फोल्डरमध्ये ठेवाव्यात, गटांची नावं काय असावीत, हे नियम तिथून आले. म्हणून आज एकदा लिहिलेली चिठ्ठी ग्नोम, केडीई, एक्सएफसीई, सिनॅमन, माते, सगळीकडे चालते. आत्याच्या मेन्यूसाठी मी जे केलं, ते तुम्ही कुठलंही लिनक्स वापरत असलात तरी जवळजवळ तसंच करता येईल.

आता चिठ्ठ्या असतात कुठे? मुख्यतः दोन ठिकाणी, आणि सगळी गंमत या दोन जागांत आहे. पहिली जागा संगणकाची सामायिक. मुळापासून 'यूएसआर', त्यात 'शेअर', त्यात 'अ‍ॅप्लिकेशन्स'. इथल्या फायली प्रोग्रॅमबरोबर येतात आणि त्यांना हात लावायला मुख्य पासवर्ड लागतो. दुसरी जागा तुमची खाजगी. तुमच्या होम फोल्डरमध्ये 'डॉट लोकल', त्यात 'शेअर', त्यात 'अ‍ॅप्लिकेशन्स'. नावाच्या सुरुवातीला टिंब असलेला फोल्डर लपलेला असतो, तो बघायला कंट्रोल आणि एच एकत्र दाबा.

नियम असा की दोन्हीकडे एकाच नावाची फाइल असेल, तर तुमची खाजगी फाइल मानली जाते. म्हणजे मूळ चिठ्ठीला धक्का न लावता तिच्यावर आपली चिठ्ठी चिकटवायची. आवडली नाही तर आपली सोलून काढा, खालची मूळ चिठ्ठी जशीच्या तशी असते. एकाच संगणकावर घरातल्या तिघांची तीन खाती असतील तर तिघांचे मेन्यू वेगवेगळे लावता येतात आणि कुणाचं कुणाला अडत नाही. मला ही रचना फार आवडते. चुकायला जागा ठेवलेली आहे आणि चूक निस्तरायची वाटही.

खोल शिरण्याआधी सोपं काम करून घ्या. एक्सएफसीईच्या मिंटमध्ये जो मेन्यू येतो त्याचं नाव व्हिस्कर मेन्यू. त्यात एखाद्या नावावर उजवं क्लिक केलं की आवडत्या यादीत घालायचा पर्याय मिळतो. मेन्यू उघडल्यावर पहिल्यांदा ही आवडती यादीच समोर येते. सहा कामाच्या गोष्टी तिथे आणून ठेवल्या तरी अर्धी अडचण मिटते. नावं तीच राहतात, पण साठातून शोधायची वेळ येत नाही. नावं बदलायची नसतील तर इथेच थांबलात तरी चालेल.

आम्हाला थांबायचं नव्हतं. फायली हातानं लिहायच्या नसतील तर त्यासाठी मेन्यूलिब्रे नावाचा छान प्रोग्रॅम आहे. तुमच्याकडे नसेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून विनामूल्य मिळतो. उघडला की डावीकडे सगळा मेन्यू फांद्या-उपफांद्यांसारखा दिसतो आणि उजवीकडे निवडलेल्या नावाची चिठ्ठी: नाव, वर्णन, आज्ञा, चित्र, गट. वरची बटणं नवीन नोंद, नवीन फोल्डर, दुभाजक रेघ घालायला आणि सेव्ह करायला. 'मेन्यूतून लपवा' अशा अर्थाचा एक पर्यायही असतो. तो निवडला की चिठ्ठीत 'नोडिस्प्ले' ही ओळ 'ट्रू' होते. नाव यादीतून जातं, प्रोग्रॅम जागच्या जागी राहतो. आत्याच्या मेन्यूतून मी असं बरंच काही लपवलं: टोरेंट, डिस्कची कामं, फाँट बघायचा प्रोग्रॅम. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, तीही लपवली होती, पण नंतर परत आणली. फोनवरून तिला एखादी गोष्ट दुरुस्त करायला सांगायची तर ती हाताशी हवी, हे पहिल्याच अडचणीला कळलं.

इतर डेस्कटॉपवरही अशीच साधनं आहेत. केडीईमध्ये मेन्यूच्या बटणावर उजवं क्लिक करून केमेन्यूएडिट उघडतं. सिनॅमनमध्ये मेन्यूच्या सेटिंगमध्येच संपादक आहे. मातेमध्ये मोझो. ग्नोमसाठी अलाकार्ते, पण ग्नोमची मांडणी मोबाइलसारखी आहे, तिथे आयकॉन ओढून एकमेकांवर टाकून फोल्डर करणं जास्त सोयीचं.

मग नावं. यावर मी आणि आत्यानं फोनवर एक अख्खी संध्याकाळ घालवली आणि ती सत्कारणी लागली. फाइल मॅनेजरला काय म्हणायचं? शब्दकोशाच्या वाटेनं गेलं तर 'संचिका व्यवस्थापक'. आत्या मराठीची शिक्षिका, पण तिनं तो शब्द ऐकताच नाकारला. "हा शब्द मी कधी तोंडानं उच्चारला नाही, तो डोळ्यांना कसा सापडेल?" थोडा वेळ विचार करून म्हणाली, "दप्तर म्हण." सगळे कागद जिथे असतात ते दप्तर. शाळेतल्या मुलाचंही आणि तलाठ्याचंही. याहून नेमकं नाव मला तरी सुचलं नसतं. ब्राउझरचं 'इंटरनेट' झालं, ऱ्हिदमबॉक्सचं 'गाणी', सेल्युलॉइडचं 'व्हिडिओ', कॅल्क्युलेटरचं 'हिशेब'. 'व्हिडिओ'ला मराठी प्रतिशब्द शोधायचा नाही, हेही तिनंच ठरवलं. मेन्यूत कुठला शब्द ठेवावा याचा निवाडा मला एकाच कसोटीवर पटतो: तो वापरणारं माणूस घरात त्या गोष्टीला काय म्हणतं.

बटणावरचं 'मेन्यू' हे नावही बदलता येतं. व्हिस्कर मेन्यूच्या प्रॉपर्टीजमध्ये बटणाचं शीर्षक लिहायची जागा असते. आत्याच्या बटणावर आता 'कपाट' असं आहे.

या सगळ्यात एका ठिकाणी मी चांगलीच अडकले. ते सविस्तर सांगते, कारण मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला हा खड्डा लागणार. आत्याच्या संगणकाची भाषा मी मराठी केली होती. नंतर एका प्रोग्रॅमची चिठ्ठी हातानं उघडली, 'नेम'पुढचं इंग्रजी नाव खोडून 'हिशेब' लिहिलं, सेव्ह केलं. मेन्यूत काही बदल नाही. लॉगआउट करून परत आले, तरी नाही. संगणक बंद करून चालू केला, तरी तेच. तासभर मी चुकीच्या जागी कारण शोधत होते. शेवटी ती फाइल वरपासून खालपर्यंत शांतपणे वाचली. 'नेम'च्या ओळीखाली तशाच दिसणाऱ्या पन्नासेक ओळी होत्या, प्रत्येकीत 'नेम'ला चिकटून चौकोनी कंस आणि कंसात दोन-तीन अक्षरं. एकीत 'एफआर', म्हणजे फ्रेंच. एकीत 'टीए', म्हणजे तमिळ. आणि मधेच एक 'एमआर'. मराठीची ओळ! कुणीतरी हे नाव आधीच मराठीत करून ठेवलं होतं.

नियम असा आहे. संगणकाची भाषा मराठी असेल तर तो आधी कंसात 'एमआर' असलेली ओळ शोधतो. ती सापडली तर तीच दाखवतो. नाही सापडली, तरच कंसाशिवायची साधी 'नेम' ओळ घेतो. मी साधी ओळ बदलत बसले होते आणि संगणक तिच्याकडे बघतही नव्हता. 'एमआर'च्या ओळीत 'हिशेब' लिहिलं आणि सेव्ह करताक्षणी मेन्यूत नाव बदललं. तुमचा संगणक कोंकणीत असेल तर कंसात 'केओके' शोधा. दोन अक्षरांचा संकेत नसलेल्या भाषांना तीन अक्षरं असतात.

त्या 'एमआर'च्या ओळीनं मला जे वाटलं तेही सांगायला हवं. ज्यानं किंवा जिनं ती लिहिली, त्या माणसाला मी ओळखत नाही. पण ती ओळ जगभरातल्या प्रत्येक प्रतीत गेली. न्यू जर्सीतल्या एखाद्या आजोबांच्या संगणकावर आणि नांदेडच्या एखाद्या शाळेतही. वर्णनाच्या 'कॉमेंट' ओळीलाही अशीच मराठी जोड देता येते आणि 'कीवर्ड्स' नावाच्या ओळीलाही. ही कीवर्ड्सची ओळ लोक विसरतात. मेन्यूत वर शोधायची चौकट असते, तिथे टाइप केलेला शब्द बरेच मेन्यू या ओळीतही शोधतात. लिब्रेऑफिस रायटर हा लिहायचा प्रोग्रॅम, आत्याकडच्या त्याच्या चिठ्ठीत मी कीवर्ड्स म्हणून 'वही', 'लिहिणे', 'पत्र' हे शब्द घातले. आता ती 'वही' टाइप करते आणि रायटर समोर येतो.

मराठी अक्षरं मेन्यूत नीट दिसण्यामागेही असंच काम आहे. रेड हॅट कंपनीनं २००४ मध्ये लोहित हे भारतीय लिप्यांचे फाँट मुक्त परवान्याखाली आणले. लोहित म्हणजे तांबडा, कंपनीच्या नावातल्या तांबड्याला धरून. त्याआधी देवनागरीचे चांगले आणि मोकळेपणानं वाटता येतील असे फाँट मिळणं कठीण होतं. आज लिनक्सवर देवनागरी गृहीत धरता येते. मराठी 'ल' आणि 'श' ही अक्षरं हिंदीहून वेगळ्या वळणाची असतात, हेही फाँटमध्ये भाषेनुसार ठेवता येतं. संगणकाची भाषा मराठी असण्याचा हा एक बारीक फायदा. आत्याच्या डोळ्यांना तो लगेच जाणवला.

आता मूळ काम. आत्याला रायटर उघडायचा नव्हता, तिला ओव्या उघडायच्या होत्या. मधल्या सगळ्या पायऱ्या, म्हणजे रायटर उघडा, फाइल मेन्यूत जा, फोल्डर शोधा, तिच्या दृष्टीनं निव्वळ आडकाठी. इथे 'एक्झेक'ची ओळ उपयोगी पडली. मेन्यूलिब्रेमध्ये नवीन नोंद केली. नाव: 'जात्यावरच्या ओव्या'. आज्ञेच्या जागी आधी लिब्रेऑफिस, मग दोन आडव्या रेघांना जोडून रायटर, आणि पुढे तिच्या फाइलीचा पूर्ण पत्ता, मुळापासून फाइलीच्या नावापर्यंत. पत्त्यात कुठे मोकळी जागा असेल तर सगळा पत्ता दुहेरी अवतरणात घाला, नाहीतर संगणक त्याचे तुकडे करतो आणि फाइल सापडत नाही म्हणतो. मी फाइलीचं नावच मोकळी जागा न ठेवता दिलं होतं, तो प्रश्न आला नाही.

चित्राच्या जागी कुठल्याही चित्राचा पूर्ण पत्ता देता येतो. आत्याच्या घरी मागच्या पडवीत जुनं जातं आहे, खुंटा मोडलेलं. तिनं मोबाइलवर त्याचा फोटो काढून पाठवला. मी तो चौकोनी कापला, २५६ बाय २५६ पिक्सेलचा केला आणि पीएनजी म्हणून तिच्या पिक्चर्स फोल्डरमध्ये ठेवला. मेन्यूत त्या नावाशेजारी आता ते जातं दिसतं.

'एक्झेक'बद्दल आणखी एक. तयार चिठ्ठ्यांमध्ये आज्ञेच्या शेवटी बहुधा टक्क्याचं चिन्ह आणि एक अक्षर असतं, एफ किंवा यू. तो कचरा नाही. तुम्ही एखाद्या फाइलीवर क्लिक करता तेव्हा त्या फाइलीचा पत्ता त्या जागी भरला जातो. ते खोडलं तर काही ठिकाणी प्रोग्रॅम उघडेल, पण तुमची फाइल न घेता, रिकामाच.

आणि एक सावधगिरी, ही मनापासून सांगते. चिठ्ठीतलं नाव एक आणि आज्ञा दुसरीच असू शकते. कुणी ईमेलनं पाठवलेली, पीडीएफचं चित्र लावलेली फाइल प्रत्यक्षात डॉट डेस्कटॉप असू शकते, आणि तिच्या 'एक्झेक'मध्ये काहीही घातक असू शकतं. डेस्कटॉपवर अशी अनोळखी फाइल उघडताना 'हा लाँचर (म्हणजे ही चिठ्ठी) विश्वासाचा नाही' अशा अर्थाची सूचना आली, तर ती वाचा. 'हो' म्हणायच्या आधी ती फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून 'एक्झेक'ची ओळ बघा. आपण आत्ताच ती वाचायला शिकलो आहोत.

हे सगळं करायला मला कुणाची परवानगी लागली नाही, आणि यामागे एक मोठी गोष्ट आहे. इंग्रजीत फुकट आणि स्वतंत्र या दोन्हींना एकच शब्द असल्यामुळे तिकडे 'फ्री सॉफ्टवेअर' म्हटलं की आधी खुलासा करावा लागतो. मराठीत दोन शब्द आहेत, मुक्त आणि फुकट, आणि ते आपण वेगळे ठेवावेत. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त प्रणाली घडवण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. त्यातून मुक्त सॉफ्टवेअरची जी व्याख्या पुढे आली तिच्यात चार स्वातंत्र्यं आहेत: प्रोग्रॅम कुठल्याही कामासाठी चालवण्याचं, तो आतून कसा चालतो ते बघून बदलण्याचं, त्याच्या प्रती वाटण्याचं, आणि आपण बदललेली प्रतही वाटण्याचं. पैशाचा त्यात उल्लेखच नाही. पैसे बहुतेक वेळा पडत नाहीत, हा वेगळा फायदा.

फुकट आणि मुक्त यांतला फरक विंडोजवरच्या एका मेन्यूच्या गोष्टीत स्पष्ट दिसतो. स्टार्ट मेन्यू १९९५ च्या विंडोजमध्ये आला आणि जगाच्या हाताला त्याची सवय झाली. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं, त्यात ते बटण नव्हतं, त्याऐवजी पडदाभर रंगीत चौकटी. इव्हो बेल्चेव्ह हे २००९ पासून क्लासिक शेल नावाचा प्रोग्रॅम विनामूल्य देत होते, जुन्या पद्धतीचा मेन्यू परत आणणारा. विंडोज ८ नंतर त्याला असंख्य लोकांनी जवळ केलं. तो फुकट होता, पण शेवटच्या काळात त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ लिहिलेला मजकूर, बंद होता. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी काम थांबवलं. फुकटची गोष्ट इथे संपली असती. पण थांबताना त्यांनी सोर्स कोड मुक्त परवान्याखाली खुला केला. स्वयंसेवकांनी तो उचलला, आणि आज तोच मेन्यू ओपन-शेल या नावानं मिळतो. तुम्ही विंडोजवर असाल आणि जुन्या वळणाचा, स्वतः लावता येणारा मेन्यू हवा असेल तर तो वापरून बघा. चौकट, रंग, रांगा, कुठलं नाव दिसावं आणि कुठलं नाही, सगळं त्याच्या सेटिंगमध्ये बदलता येतं.

परत आत्याच्या कपाटाकडे. या पद्धतीत एक कच्चा दुवा आहे. तुम्ही आपली चिठ्ठी वर चिकटवली की मूळ चिठ्ठी झाकली जाते. पुढे कधी प्रोग्रॅमचं अपडेट आलं आणि त्यात आज्ञेचं नाव बदललं, तर मूळ चिठ्ठी बदलते, तुमची तशीच राहते. मग क्लिक केल्यावर काहीच घडत नाही. अशा वेळी घाबरून प्रोग्रॅम पुन्हा टाकत बसू नका. खाजगी फोल्डरमधली ती एक फाइल डेस्कटॉपवर हलवा आणि मेन्यू बघा. मूळ नोंद परत येते. मग तिच्यावरून नवी प्रत काढून आपलं नाव घाला. सुरुवातीलाच खाजगी 'अ‍ॅप्लिकेशन्स' फोल्डरची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवली तर आणखी चांगलं. मेन्यूची फोल्डररचना मात्र वेगळ्या जागी असते, होममधल्या 'डॉट कॉन्फिग'च्या आत 'मेन्यूज' नावाच्या फोल्डरमध्ये. प्रत घेताना तोही घ्या. फ्लॅटपॅक या वेगळ्या पद्धतीनं टाकलेल्या प्रोग्रॅमच्या मूळ चिठ्ठ्या तिसऱ्याच ठिकाणी असतात, पण तुमच्या खाजगी फोल्डरमध्ये त्याच नावाची प्रत ठेवली की नियम तोच.

आपण घरात केलेलं मराठी नाव आपल्याच संगणकापुरतं राहतं. ते सगळ्यांना मिळावं असं वाटत असेल तर भाषांतराच्या मूळ प्रवाहात जायला हवं. एक्सएफसीईची भाषांतरं ट्रान्सिफेक्स या संकेतस्थळावर होतात, लिनक्स मिंटची लाँचपॅड या संकेतस्थळावर. खातं काढायचं, मराठीच्या गटात सामील व्हायचं आणि न झालेल्या ओळी भरायच्या. प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी चालतं, मराठी यावं लागतं. मी सुरुवात केली आहे आणि रोज रात्री दहा ओळी करते. 'दप्तर' मात्र मी तिथे सुचवलेलं नाही. ते आत्याच्या घरचं नाव आहे, सगळ्यांच्या माथी ते मारता येणार नाही. तिथे मी 'फाइल' हाच शब्द ठेवते, कारण 'फाइल' सगळ्यांना कळतं.

दिवाळीत वाईला गेले तेव्हा आत्यानं कपाट उघडून दाखवलं. मला न विचारता तिनं मेन्यूलिब्रे उघडलं होतं. नवीन फोल्डर केला होता, त्याचं नाव 'दळण-कांडण'. 'जात्यावरच्या ओव्या' ही माझी नोंद तिनं त्यात ओढून टाकली होती आणि शेजारी तिची स्वतःची एक, 'उखळावरची गाणी', कारण तिसऱ्या वहीत ती वेगळी निघाली म्हणे. त्या नोंदीला चित्र नव्हतं, नुसतं करड्या रंगाचं चाक. "उखळ शेजारच्या वाड्यात आहे," ती म्हणाली. "चल, ऊन आहे तोवर फोटो काढून आणू."